काठावरचे साडू

आमच्या साडूंनी आजवर जे जे होईल म्हणून बजावलं, त्यातलं बहुतेक काही झालंच नाही. तरीही आख्ख्या नगर जिल्ह्यात त्यांच्याइतकं पुढचं दिसणारा माणूस दुसरा जन्मला नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सुप्याच्या एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. म्हणजे काळजी करण्याबद्दल कारखाना त्यांना पगार देई. पगार आठ तासांचाच असला तरी उरलेले सोळा तास ते हेच काम फुकट आणि जास्त मनापासून करीत. अंगानं काटकुळे, डोळे जरा पुढे आलेले, मान सदैव किंचित वळलेली. मागून काहीतरी येतंय आणि ते फक्त आपल्यालाच ऐकू येतंय, असा चेहरा. कुणी हसत त्यांच्याकडे आलं तरी ते आधी त्याच्या पायाखाली बघत. फरशी ओली तर नाही ना!

लग्नाला गेले की लोक आधी वधूवरांना भेटतात, साडू मांडवाच्या खांबांना भेटत. एकेक खांब हलवून, त्याचे दोर ओढून, बुंध्याशी पाय रोवून बघत. माझ्या पुतणीच्या लग्नात पूर्वेकडचा एक खांब त्यांना संशयास्पद वाटला. मांडववाल्यानं शपथा घेतल्या, पण व्यर्थ. शेवटी संपूर्ण मंगलाष्टकं होईपर्यंत त्यांनी तो खांब डाव्या हातानं धरून ठेवला आणि उजव्या हातानं अक्षता टाकल्या. लग्नाच्या सगळ्या फोटोंत वधूवरांच्या मागे एक गृहस्थ खांबाला मिठी मारून चिंतातुर मुद्रेनं वर बघताना दिसतात. नव्या जावयाकडचे लोक बरेच दिवस त्यांना मांडवाचा मालक समजत होते. एसटीत बसले की ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असं लिहिलेली खिडकी गाठायची आणि ती खरंच उघडते का ते बघायचं, हा आणखी एक नेम. एकदा नगरच्या स्टँडवर ती खरोखरच उघडली आणि खाली उसाचा रस पीत उभ्या असलेल्या कंडक्टरच्या पुढ्यात जाऊन पडली. कंडक्टर म्हणाला, “काका, अजून गाडी सुटली न्हाई, आत्ताच कशाला संकट आणताय?” त्यावर साडू म्हणाले, “मग काय संकट आल्यावर हुडकीत बसू का, उघडतंय का न्हाई ते?” कंडक्टरनं उरलेला रस न पिता ग्लास परत दिला.

त्यांच्या पाकिटात देवाचा फोटो नव्हता. एक चौपदरी घडी घातलेला कागद होता आणि त्यावर जवळच्या सगळ्या नातेवाइकांचे रक्तगट लिहिलेले होते. माझ्या मुलीच्या बारशाला बायका पाळण्याभोवती जमून नाव ठेवत असताना त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “नावाचं नंतर बघू. गट कोंचा?” पण त्यांची खरी परीक्षा झाली ती शनिशिंगणापुरात. तिथे आमच्या सासऱ्यांचे एक स्नेही राहत. दर्शन झालं, जेवण झालं आणि मुक्कामाची वेळ आली तेव्हा साडूंच्या ध्यानात आलं, की या घराला चौकट आहे पण दार नाही. गावाची रीतच तशी. घरमालकांनी परोपरीनं समजावलं, की इथे देव राखण करतो. “त्यांच्यावर इश्वास हायच,” साडू म्हणाले, “पण त्यांना एकट्याला कशाला तरास?” आणि रात्रभर चौकटीत पाट टाकून बसले. दार नाही म्हटल्यावर ते स्वतःच दार झाले. घरमालकांना पाहुणा जागा आहे आणि आपण घोरतो याची लाज वाटून तेही येऊन शेजारी बसले. सकाळी दोघं एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपले होते आणि त्यांच्या पायांवरून एक शेळी घरात जाऊन आली होती.

ही माणसं लांबून फार गमतीची वाटतात. जवळ राहिलं की त्यांची काळजी उडून आपल्याला चिकटते. साडू दोन दिवस मुक्कामाला आले की तिसऱ्या दिवशी मी रस्ता ओलांडताना दोनदा मागे फिरायचो. म्हणूनच देवरामच्या गावी खेकडे धरायला जायचा बेत ठरला तेव्हा तो साडूंच्या कानावर जाऊ नये, अशी मी घरात सक्त ताकीद दिली होती.

मी नगरला एका शाळेत भूगोल शिकवतो. नदीचा उगम, तिचे फाटे, तिचं पाणलोट क्षेत्र हे सगळं मी फळ्यावर रंगीत खडूंनी फार सुंदर काढतो. पुढे जे झालं त्याची लाज वाटते म्हणून हे आधीच सांगून टाकतो. देवराम आमच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळतो. तो अकोले तालुक्यातल्या डोंगराकडेच्या गावचा. मधल्या सुट्टीत तो लहानपणच्या गोष्टी सांगायचा. अंधाऱ्या रात्री आजोबांबरोबर ओढ्यात उतरायचं, काठीच्या टोकाला चिंध्या गुंडाळून, रॉकेलात बुडवून टेंभा पेटवायचा, उजेडानं दिपून खेकडा जागच्या जागी थबकला की त्याच्या पाठीवर तळहात दाबून त्याला मागून उचलायचा. “आता पोरं बॅटऱ्या घेऊन जात्यात, मोबाईल घेऊन जात्यात,” तो म्हणायचा. “खेकडं मिळत्यात, पर त्यात मजा न्हाई.” हे ऐकून ऐकून माझा आणि माझा बालमित्र बापू याचा जीव त्या टेंभ्यात अडकला. बापूचं सावेडीला विजेच्या सामानाचं दुकान. जन्मभर बल्ब विकलेल्या या माणसाला टेंभ्याचं काय एवढं वाटावं, कोण जाणे. पण मधुमेहाच्या गोळ्या खिशात टाकून तो सगळ्यांच्या आधी तयार झाला. गणपती उठले होते, पितृपक्ष चालू होता, रात्री काळ्याकुट्ट होत्या. शनिवारी दुपारी निघायचं ठरलं.

शुक्रवारी रात्री साडूंचा फोन आला. बायकांमधल्या ताकिदी किती टिकतात हे मला कळायला हवं होतं.

“पितृपक्षात खेकडं?” त्यांनी सुरुवात केली. “वरून पितरं बगत्यात. त्यांचं पान वाढायचं सोडून ह्यो नांग्या मोडीत फिरतोय म्हनतील.”

“आमचे पितर हौशी होते,” मी म्हणालो.

“ऱ्हाऊ द्या पितर. बिळात हात घालनार तुमी. आत खेकडाच हाय हे कुनी सांगितलं? आन तिकडं बिबट्या हाय.”

“बिबट्याला खेकड्यांची गोडी नसते.”

“मास्तरांची असंल ना?”

मग ते एखादा गुन्हा कबूल करावा तसे म्हणाले, “मी बी येतो. तुमच्या संगं एक तरी जागता मानूस पायजे.” साडू आणि पाणी! घोट्याच्या वरचं पाणी ज्यांच्या अंगाला फक्त बादलीतून लागलं होतं, ते साडू! त्यांना पोहता येत नव्हतं. प्रवरेच्या घाटावर सगळे डुबक्या मारत असताना ते पायरीवर बसून तांब्यानं अंघोळ करत आणि वर आलेली डोकी मोजत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गमबूट घालून, कारखान्यातलं पिवळं हेल्मेट हातात घेऊन, सुप्याहून नगरला हजर झाले. पिशवीत दोरखंड, चुना, हळद, पट्ट्या, जंतुनाशक, चार शिट्ट्या आणि ग्लुकोजच्या बिस्किटांचे पुडे. गाडीत बसायच्या आधी त्यांनी प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी अडकवली आणि खिशात एक पुडा कोंबला. बापू म्हणाला, “साडू, आपण खेकडे धरायला चाललोय की सीमेवर?” साडू हसले नाहीत. ते बापूच्या शेजारी पुढच्या सीटवर बसले आणि संगमनेर येईपर्यंत त्यांनी पायाखालचा नसलेला ब्रेक इतक्या वेळा दाबला, की चहाला उतरले तेव्हा लंगडत होते. संगमनेरच्या पुढे पश्चिमेकडे ढगांची काळी रांग दिसली. साडूंनी त्याकडे बोट दाखवलं. “परतीचा पाऊस,” मी वर्गातल्यासारखं म्हणालो, “स्थानिक स्वरूपाचा असतो. दूर आहे.” साडूंनी बोट खाली घेतलं, पण नजर खाली घेतली नाही.

देवरामच्या आईनं भाकरी आणि हुलग्याची पिठी करून ठेवली होती. जेवण करून रात्री नऊच्या सुमारास आम्ही गाडी चढावर लावून ओढ्यावर पोचलो. वीसेक पावलं रुंद, जेमतेम गुडघाभर पाणी, मधोमध एक सपाट कातळ आणि त्याच्यावरून घसरणारा मंद आवाज. देवरामनं टेंभे पेटवले. रॉकेलचा धूर, पिवळा हलता उजेड, पाण्यात पडलेल्या आमच्या लांबलचक सावल्या. क्षणभर खरंच वाटलं, की आपण पन्नाशीकडे झुकलेले तीन गृहस्थ नसून कुणाच्या तरी आजोबांबरोबर आलेली पोरं आहोत. देवरामनं पहिल्या पाच मिनिटांत एक खेकडा उचलून दाखवला. मुठीएवढा, काळपट, नांग्या परजणारा. बापूनं आनंदानं शिट्टी फुंकली. “शिट्टी खेळायला न्हाई दिली!” काठावरून आवाज आला.

साडू काठावर एका दगडावर हेल्मेट घालून बसले होते. पाण्याच्या अगदी कडेला त्यांनी तीन पांढरे दगड चढाच्या बाजूला एकापुढे एक ओळीनं मांडून ठेवले होते. कशाला, ते आम्ही विचारलं नाही. त्यांच्या बहुतेक गोष्टींचं कारण विचारलं की दुपार जायची. आणि मग सुरू झालं. पहिली शिट्टी: साप! आम्ही तिघे एकमेकांवर आदळत मागे सरलो. उंबराचं मूळ निघालं. दुसरी शिट्टी: वीज चमकली! घाटातून वळलेल्या टेम्पोचा दिवा होता. तिसरी शिट्टी: झाडीत दोन डोळे! बापूनं तर रामनाम सुरू केलं. डोळे हंबरले तेव्हा ती देवरामच्या चुलत्याची म्हैस असल्याचं कळलं. प्रत्येक वेळी हातातोंडाशी आलेला खेकडा दगडाखाली सटकायचा. चौथी शिट्टी वाजली तेव्हा माझी बोटं पहिल्यावहिल्या खेकड्याच्या पाठीवर टेकली होती. मी दचकलो, त्यानं नांगी मारली, अंगठ्यातून रक्त आलं. काय झालं होतं? बापूचा पाय शेवाळावर पडणार होता. पडला नव्हता, पडणार होता!

माझं डोकं फिरलं. दिवसभराची धाकधूक, जागेपणी पडणारी ती त्यांची स्वप्नं, सगळं एकदम वर आलं. “पुरे झालं साडू!” मी ओरडलो. “तुम्हाला कुणी बोलावलं होतं का? आल्यापासून एक श्वास सरळ घेऊ दिला नाहीत. भित्र्या माणसानं घरी बसावं. आता तोंडातून एक शब्द काढाल तर खबरदार!”

माझा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. त्यामुळे ते सगळं त्यांना दोनदा ऐकावं लागलं. बापूचं हसू थांबलं. देवराम पाण्याकडे बघू लागला. साडू म्हणाले, “बरं.” एवढंच. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. आयुष्यात मला कुणी उलट शिवी दिली असती तरी ती त्या बटणाइतकी लागली नसती.

पण माणूस असा असतो, की बोलून चुकल्यावर माफी मागण्याऐवजी तो कामात गढल्याचं सोंग करतो. देवराम आणि बापू बोलत बोलत पलीकडच्या काठाला, वरच्या डोहाकडे गेले. मी मधल्या कातळावर चढलो आणि वाकून खेकडे बघू लागलो. काठावरून आवाज नव्हता. मला हवी होती तशी शांतता मिळाली होती आणि ती मला सहन होत नव्हती. पाच मिनिटांनी मी चोरून काठाकडे पाहिलं. साडू बसलेले होते. दहा मिनिटांनी पाहिलं, ते उभे होते. पुन्हा पाहिलं तेव्हा ते ओणवे होऊन आपल्या दगडांकडे बघत होते. मी मान फिरवली. आता यावर काही बोलतील, आता बोलतील, असं वाटत राहिलं. ते बोलले नाहीत.

मग कुणीतरी माझं मनगट धरलं.

मी वर पाहिलं. साडू! मांडीपर्यंत पाण्यात, गमबुटांत पाणी भरलेलं, हेल्मेट तिरकं झालेलं, चेहरा पिठासारखा पांढरा. डोळे माझ्यावर नव्हते, वरच्या अंधारावर होते. तोंडातून अक्षर नाही. मी हात सोडवायला हिसका दिला. “आता काय?” म्हणालो. त्यांनी दुसऱ्या हातानंही मनगट पकडलं आणि ओढलं. त्या काटकुळ्या माणसाच्या अंगात इतकं बळ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझा खेकड्यांचा डबा कातळावरून पाण्यात पडला, टेंभा चरचरत विझला. मी चिडून, अडखळत, त्यांच्यामागे फरफटत निघालो आणि अर्ध्या वाटेत माझ्या ध्यानात आलं, की येताना गुडघ्याला लागलेलं पाणी आता मांडीला लागतंय. ते ओढतंय. त्याला मातीचा वास येतोय. आणि मघाचा तो मंद आवाज आता मंद राहिलेला नाही.

काठाची माती पायाला लागली तरी साडू थांबले नाहीत. चढावर गाडीपर्यंत त्यांनी मला ओढत नेलं. तिथे वळून बॅटरी मारली तर ओढ्यावर फेस, पाचोळा आणि एक आख्खी फांदी वाहत चालली होती. पाण्यावर कुठेही कातळ दिसत नव्हता. डोंगरात कुठेतरी तो ‘स्थानिक स्वरूपाचा’ पाऊस कोसळला होता आणि त्याचा लोंढा खाली यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ भूगोलाचे मास्तर खेकडे बघत होते.

साडूंनी आता कुठे खिशाचं बटण उघडलं. बोटं दोनदा चुकली. मग त्यांनी अशी शिट्टी मारली, की माझ्या कानठळ्या बसल्या. पलीकडे अंधार. पुन्हा शिट्टी. पुन्हा अंधार. बापूला नीट पळता येत नाही, बापूला साखर आहे, बापूच्या बायकोला काय सांगायचं, हे सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं. तिसऱ्या शिट्टीनंतर पलीकडच्या चढावर, चांगला उंचावर, एक टेंभा हलताना दिसला. “हाय, हाय! दोघं बी हाय!” देवरामचा आवाज पाण्यावरून तुटत तुटत आला. “मातीचा वास आला तवाच वर चढलो! हाका बी मारल्या! सकाळपातूर पानी उतरंल! तितंच थांबा!”

साडूंनी तोंडाला दोन्ही हात लावून ओरडून सांगितलं, “बापूंना बिस्कीट द्या! खिशात हाय! आन झाडाखाली बसू नका!” जरा थांबून, “दगडाखाली बी न्हाई!” पलीकडून बापूचा रडका आवाज आला, “मग बसू कुठं हो?” आणि मला त्या परिस्थितीतही हसू आलं आणि मग मी हुंदका द्यावा तसा हसत राहिलो. ते थांबेना.

गाडीत साडूंनी ओले गमबूट काढले. एकेकातून तांब्याभर पाणी निघालं. त्यांचे दात वाजत होते. मी गाडीतली चादर त्यांच्या अंगावर घातली. शेवटी विचारलं, “शिट्टी का नाही मारलीत आधी?”

“तुमी हसला असता,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता, हिशोब होता. “आधी हसला असता, मग चिडला असता, मग वर बगितलं असतं. पानी पयल्या दगडावर आलं तवा म्हटलं बगू. दुसरा गेला तवा उठलो. तिसऱ्याला तेवढा येळ नव्हता.”

“मी मघाशी जे बोललो...”

“खरं ते बोलला. भित्राच हाय मी.”

मला वाटलं, आता या माणसाच्या काळजीचं मूळ कळेल. लहानपणी कुणी बुडालं असेल, कारखान्यात कुणाचा हात गेला असेल, कधीतरी ते गप्प राहिले असतील आणि त्याचं ओझं घेऊन फिरत असतील. मी हळूच तसं विचारलं. साडूंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

“न्हाई हो,” ते म्हणाले. “काय बी झालेलं न्हाई. मी पयल्यापासून असाच. माजी आई म्हनायची, पाळन्यात बी तू कडी बगायचास.” मग ते काचेबाहेर, पलीकडच्या त्या उजेडाच्या ठिपक्याकडे बघत राहिले. “लोकांना वाटतं, ह्याला हौस हाय. मला बी कटाळा येतो माजा. रात्री आडवं झालं की सगळी डोळ्यापुढं येत्यात. ही कुटं आसंल, त्यो पोचला का, ह्यानं गॅस बंद केला का. एकेकाला घरी पोचवून येईस्तवर तांबडं फुटतं. वाटतं, कुनीतरी म्हनावं, तू झोप आता, मी बगतो.”

गाडीच्या टपावर पावसाचे चार थेंब वाजले आणि थांबले. पलीकडचा टेंभा लहान झाला होता, पण जळत होता.

“झोपा तुम्ही,” मी म्हणालो. “मी बघतो.”

त्यांनी माझ्याकडे शंकेनं पाहिलं. ते साहजिकच होतं. मघापर्यंत मी काय बघत होतो ते त्यांनी पाहिलं होतं. “पानी वर आलं तर...”

“उठवतो.”

“तिकडचा उजेड गेला तर...”

“हाक मारतो. झोपा.”

आणि साडू झोपले. हेल्मेट मांडीवर, तोंड उघडं, एक पाय डॅशबोर्डवर. इतके गाढ, इतके बेफिकीर घोरू लागले, की जणू पन्नास वर्षांची झोप एकदम वसूल करत होते. मी मात्र काचेला नाक लावून बसलो. दर पाच मिनिटांनी खाली उतरून पाण्याची कड बॅटरीनं बघायची, काठी रोवायची, मागे सरकवायची. पलीकडचा ठिपका आहे ना ते बघायचं. तो दिसेनासा झाला की हाक मारायची. पुन्हा दिसला की देवाचं नाव घ्यायचं. हँडब्रेक लागलाय ना, तो तीन वेळा तपासला. घरी बायको झोपली असेल का, मुलगी पुण्याच्या होस्टेलवर वेळेत पोचली असेल का, म्हैस बांधलेली होती की मोकळी? एका रात्रीत मला कळलं, की काळजी करणं हे केवढं अंगमेहनतीचं काम आहे. सकाळी माझी पाठ अशी धरली होती, की रात्रभर पोती वाहिली असावीत.

उजाडलं तेव्हा पाणी उतरलं होतं. कातळ धुऊन काढल्यासारखा चकाकत होता. देवराम बापूचा हात धरून पलीकडून आला. बापूनं ओढा ओलांडल्यावर आधी साडूंचे पाय धरले आणि मग म्हणाला, “पुडा संपला. अजून आहे का?” देवरामच्या उपरण्यात नऊ खेकडे होते. त्याच्या आईनं त्यांचा असा तिखट रस्सा केला, की आमच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कशामुळे आलं हे कुणालाच सांगावं लागलं नाही. साडूंनी खेकडा खाल्ला नाही, त्याचं कवच घशात अडकतं म्हणून. रश्शात भाकरी कुस्करून मात्र तीन वेळा मागून घेतली.

या गोष्टीला आता सात वर्षं होत आली. साडू निवृत्त झाले, सुप्यालाच राहिले. गेल्या वर्षापासून त्यांना विसर पडू लागलाय. आधी नावं गेली, मग वार गेले, आणि मग, हळूहळू, त्यांच्या त्या सगळ्या शंका गेल्या. डॉक्टर काहीतरी लांबलचक नाव सांगतात. घरची माणसं म्हणतात, आता ते फार शांत असतात. मागच्या महिन्यात मी भेटायला गेलो तर अंगणात खुर्ची टाकून ऊन खात बसले होते. मानेची ती वळून बघण्याची सवय गेली होती. कपाळावरच्या आठ्या कुणी हातानं पुसून टाकाव्यात तसं कपाळ गुळगुळीत झालं होतं. मला ओळखलं की नाही कोण जाणे, पण माझा हात मात्र त्यांनी बराच वेळ धरून ठेवला. मेव्हणीनं चहा केला. मी खेकड्यांची गोष्ट काढली; ते दुसऱ्याची गोष्ट ऐकावी तसे मन लावून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “ती समदी पोचली ना घरला?”

“पोचली,” मी म्हणालो. ते समाधानानं हसले.

निघायला अंधार पडला. पुणे रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली, समोरून दिव्यांचे झोत, एक फाटा तर पूर्ण खोदलेला. साडू फाटकापर्यंत आले. मी गाडीत बसलो, काच खाली घेतली आणि नेहमीच्या सूचनांची वाट बघत राहिलो. ते काठीवर हात ठेवून आनंदानं माझ्याकडे बघत होते.

“या हं,” ते म्हणाले आणि पोरासारखा हात हलवला.

बस, एवढंच. इतका निर्धास्त निरोप मला आजवर कुणी दिला नव्हता. किल्लीवर हात ठेवून मी तसाच बसून राहिलो. गाडी सुरू करायचा धीर मला कितीतरी वेळ झाला नाही.